वरची माझी, खालची तुझी

माहेर आणि सासर एकाच गावात असण्याचा मोठा तोटा असा, की लहानपणचे दुश्मन लग्नानंतरही तेच राहतात. माझा दुश्मन हातझाडे गुरुजी. आमच्या गावच्या हायस्कुलात तो विज्ञान शिकवायचा. रिटायर झाल्यावर पूर्ण वेळ शेतीत उतरला, आणि आमचं नशीब असं फुटकं, की आम्ही ठेक्यानं केलेली धानाची बांधी, म्हणजे भातखाचर, नेमकी त्याच्या बांधीला लागून निघाली. तोंडावर मी त्याला शेवटपर्यंत गुरुजी म्हटलं, अहो-जाहो केलं. इथं मात्र तो 'तो'च राहणार. एवढा हक्क त्यानंच मला मिळवून दिला आहे.

गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये असं माझी सासू म्हणते. सासूला त्यानं शिकवलेलं नव्हतं.

दिसायला काटक, काळा, बुटका. पँट पोटऱ्यांपर्यंत दुमडलेली, मग तो शेतात असो की पंधरा ऑगस्टच्या झेंड्याला. शर्टाच्या एकाच खिशात सुपारी-तंबाखूच्या खर्र्याची पन्नी आणि दम्याचा पंप. आधी खर्रा, मग पंप, असा क्रम. कुणी टोकलं तर म्हणायचा, "तुह्या छातीत जाऊन राहिला का?" दमा त्याला तरुणपणापासून होता. वर्गात तो यायच्या आधी व्हरांड्यातून त्याचा श्वास यायचा, बारीक शिटी वाजवल्यासारखा, आणि सगळा वर्ग गप्प व्हायचा. आजही सायकलच्या ट्यूबमधून हवा जाताना ऐकली की माझी पाठ आपोआप ताठ होते.

माणसांशी तो कधी नीट बोलला नाही. झाडांशी बोलायचा असंही नाही, उगीच कुणी तसं समजू नये. तो झाडांबद्दल बोलायचा, आणि तेही माणसांना टाकून बोलता यावं म्हणून. रोप उपटून त्याच्या मुळांचा वास घ्यायची त्याला खोड होती. बाकीचे लोक वरणाचा वास घेतात तसा हा चिखलाची मुळं नाकाशी धरायचा, डोळे मिटायचा, आणि डोळे उघडले की समोरच्याला शिवी हासडायचा.

नववीत असताना त्यानं मला उभं केलं.

"सांग वो, झाड श्वास कधी घेते?"

मला उत्तर येत होतं, म्हणजे मला तसं वाटत होतं. घरी आजोबा सांगायचे, चिंचेखाली रात्री झोपू नये, झाड रात्री श्वास सोडते. मी ठणकावून म्हटलं, "दिवसा झाड ऑक्सिजन सोडते आणि रात्री श्वास घेते."

"म्हणजे दिवसभर झाड श्वास रोखून बसते?"

वर्ग हसला.

"धर मग नाक. तोंड बी मीट. दिवस बुडाला की सोडजो."

मी नाक धरलं. त्या वयात गुरुजी म्हणाले म्हणजे धरायचंच. तो फळ्याकडे वळून पुढचं शिकवू लागला. माझे कान गरम झाले, डोळ्यांपुढे ठिपके नाचायला लागले, आणि शेवटी मी ठसकत नाक सोडलं. तो वळलासुद्धा नाही. "काऊन सोडलं? दिवस तर आहे अजून." मग खडू खाली ठेवून म्हणाला, "जिवंत आहे तोपर्यंत श्वास चालूच राहते. दिवसा घेते, रात्री घेते. पान घेते, खोड घेते, मुळं घेतात. दिवसा उजेडात पान अन्न बनवते, तेव्हा इतका ऑक्सिजन बाहेर टाकते का घेतलेला दिसून नाही राहत. दिसत नाई म्हणजे नाई, असं नसते. बस, रात्रपाळी."

रात्रपाळी. हे नाव मला त्या दिवशी मिळालं आणि गावभर झालं. माझ्या लग्नाच्या वरातीत पोरांनी तेच नाव घेऊन आरोळ्या मारल्या, आणि नव्या नवरीला त्या नावानं हाक मारल्यावर लोक काय समजून हसतात ते मी सांगायला नको. मी बोहल्यावर उभी राहून त्याच्याकडे पाहिलं. तो पंगतीत बसून भात कालवत होता.

नखपॉलिशचं प्रकरण त्याच वर्षीचं. आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, दुकानं लागतात, नाटक असतं. तिथं मी एक गुलाबी बाटली घेतली होती. शाळेत तो दारातच पोरींचे हात तपासायचा. माझी बाटली दप्तरातून निघाली आणि त्याच्या खिशात गेली. अशा त्यानं कितीतरी जणींच्या नेल्या होत्या. आम्हाला वाटायचं, पोरीला देत असेल. पण एक दिवस प्रयोगशाळेत त्यानं माझीच बाटली काढली आणि बेशरमीच्या एका पानाला, खालच्या बाजूनं, नीट लावली. बेशरम म्हणजे नाल्याकाठी कुठंही माजते ती. "इथं जास्त शोभते," म्हणाला. पॉलिश वाळल्यावर वरून चिकटपट्टी दाबून सोलली, आणि ती काचेवर लावून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. एकेकीला पाहायला बोलावलं.

मी डोळा लावला. गुलाबी रानात जिकडेतिकडे बारीक बारीक तोंडं. प्रत्येकाला दोन ओठ आणि मधे फट.

"पर्णरंध्रं," तो माझ्या डोक्यावर बोलत होता. "इथूनच हवा आत, इथूनच बाहेर. वाफ बी इथूनच जाते. ऊन वाढलं, पाणी कमी पडलं, का झाड हे तोंड मिटून घेते. तुमाले जमत नाई ते."

मला ते फार आवडलं होतं. इतकं, की मागची पोरगी ढकलायला लागली तरी मी हलले नाही. पण मी मान वर करून त्याला म्हटलं, "काही दिसून नाही राहिलं." त्याला मी ते समाधान का द्यावं? बाटली त्यानं परत केली नाही ती नाहीच.

गावानं त्याला सोसलं, पण ऐकलं कधीच नाही. मारुतीच्या देवळापुढं जुना कडुलिंब होता. सरपंचानं ठरवलं, बुंध्याभोवती मुरूम भरून, वर सिमेंट आणि फरशी टाकून गोल ओटा बांधायचा, लोकांना बसायला. हा सरळ ग्रामसभेत उठला. "सरपंच, तुमच्या नाकातोंडात सिमेंट भरून वर फरशी बसवतो. मग मी त्यावर बसतो. चालते का?" मुद्दा असा होता, की मुळांनाही हवा लागते, मातीच्या फटींतून ती त्यांच्यापर्यंत जाते, आणि वरून लिंपून टाकलं की ती गुदमरतात. पण हे शांतपणे सांगितलं असतं तर कुणी ऐकलं असतं ना. सरपंचाचं तोंड लाल झालं, आणि ओटा ठरवला होता त्याहून हातभर मोठा झाला.

काही वर्षांत लिंब वाळला. एखादा माणूस हळहळला असता. यानं काय केलं, तर भर उन्हाळ्यात, दुपारच्या वेळी, छत्री उघडून त्या ओट्यावर जाऊन बसायला लागला. वर काळ्या फांद्या आणि खाली हा छत्रीत. येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारून सांगायचा, "ओटा फस्क्लास झाला. सावली तेवढी घरून आणा लागते." सरपंच तिकडून जायचा बंद झाला. मला हसू यायचं, खोटं कशाला बोलू. पण लिंब गेल्याचं दुःख त्याला झालं की आपलं खरं झाल्याचा आनंद झाला, हे मला कधी कळलं नाही, आणि असल्या माणसाबरोबर गाव चालत नाही.

आता बांधीचं सांगते, कारण माझा खरा राग तिथला आहे.

माझा नवरा धनराज. खरिपाचं धान निघालं की तो टोळीबरोबर तेलंगणात मिरची तोडायला जायचा आणि उन्हं कडक झाल्यावर परतायचा. हात असे यायचे की लेकीच्या गालाला लावायची भीती. एका वर्षी तो दारात उभा राहिला आणि लेकीनं आत येऊन मला सांगितलं, "आई, पाहुणे आले." त्याच रात्री आम्ही ठरवलं, की पुढच्या साली जायचं नाही. इटियाडोह धरणाचं पाणी उन्हाळी धानाला सुटणार असं जाहीर झालं, तेव्हा आम्ही नहरीच्या, म्हणजे कालव्याच्या, काठची एक बांधी ठेक्यानं घेतली. चारी बाजूंनी मातीचा बांध, म्हणजे धुरा, एका कोपऱ्यात पाणी घ्यायचं तोंड, दुसऱ्यात सोडायचं. पीक साधलं तर धनराज घरी. नाही साधलं तर पुन्हा मिरची. दुसरा काही हिशोब नव्हता. टोळीचा मुकादम तरी दर दोन दिवसांनी फोन करतच होता, "तुही जागा ठेवली आहे गा."

उन्हाळी धानात घाई फार. खरिपाची धसकटं कुजायला वेळ मिळत नाही, ती तशीच चिखलात दाबून रोवणी करावी लागते. आम्हीही तेच केलं. आणि नहरीचं पाणी पाळीनं मिळतं. आपली पाळी आली की बांधी काठोकाठ भरायची आणि पुढच्या पाळीपर्यंत थेंब सोडायचा नाही, हे आमच्याकडे आईच्या दुधातून येतं. पाण्यावरून इथं भावाभावांची डोकी फुटली आहेत. भरलेल्या बांधीतलं पाणी मुद्दाम सोडून देणारा माणूस म्हणजे वेडा. गावात असा एकच होता आणि तो माझ्या शेजारी होता.

रोवणीला काही दिवस झाले आणि आमचं धान पिवळं पडायला लागलं. वाढेना. कुणी म्हणालं युरिया कमी पडला, कुणी म्हणालं अजून पाणी भर. हा धुऱ्यावर आला, न विचारता आमच्या बांधीत हात घातला, एक रोप उपटलं आणि नाकाशी धरलं. मुळं काळीठिक्कर होती. मलाही वास आला, सडक्या अंड्याचा.

"पाणी काढ," तो म्हणाला.

"काऊन?"

"मुळं गुदमरून राहिली. खाली धसकट सडून राहिलं, वर पाणी झाकण लावल्यावानी. बांधी सुकू दे थोडी. भेगा पडो देजो, हवा जाऊ दे आत."

"गुरुजी, धान पाण्यातलंच पीक आहे. त्याले पाणी कसं मारंल?"

"कमळाचा देठ विसरली का?"

नव्हते विसरले. शाळेत असताना त्यानं तलावातून कमळाचा लांब देठ आणून, एक टोक बादलीत बुडवून, दुसऱ्यातून फुंकर मारली होती, आणि पाण्यात बुडबुडे आले होते. देठ आतून पोकळ, पानाकडची हवा चिखलातल्या मुळांना पोचवणारा. धानाचंही तसंच, तो म्हणाला, पण त्या नळीलाही मर्यादा असते. खाली सडून विषारी वायू साचला की वरून येणारी हवा पुरत नाही.

हे सगळं ठीक होतं. पण मी म्हटलं, "अन् पाणी सोडलं, आणि पुढची पाळी टायमावर नाही आली तर?"

"तर मरंल," तो म्हणाला. "असंही मरूनच राहिलं ना."

मी सांगितलं, की माझी बांधी, माझं पाणी, माझा नवरा. मी नाही काढत. तो काही बोलला नाही, आणि तेव्हाच मला कळायला हवं होतं, कारण हातझाडे गुरुजी कधी काही बोलला नाही असं झालंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी शेतावर गेले तर माझ्या बांधीचं तोंड फोडलेलं. पाणी नालीत धबाधबा चाललेलं, आणि हा फावड्यावर हनुवटी टेकून उभा. मी पळत गेले, त्याला बाजूला ढकललं, हातानं चिखल ओढून तोंड बुजवायला लागले. तोंडानं काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. सगळ्या बांध्यांतले लोक धुऱ्यावर येऊन उभे राहिले एवढं सांगते. मी म्हटलं, "माह्या पोरीच्या बापाले घालवून टाकता का तुम्ही? तुम्हाले ना घराची फिकीर ना दाराची." तर हा शिटी मारत श्वास घेतो आणि म्हणतो, "बुजवू नको, बयाड. अर्धंच झालं अजून."

अर्धंच झालं होतं, हे खरं. बांधी एका बाजूनं उताराची. वरच्या भागातलं पाणी गेलं होतं, खालच्या कोपऱ्यात मी अडवलं तेवढं राहिलं.

पाणीवाटपाच्या बैठकीत मी तक्रार केली. अध्यक्ष म्हातारे, समजूतदार. म्हणाले, "गुरुजी, दुसऱ्याचं पाणी सोडणं बरोबर नाई. माफी मागून घ्या जी."

"कोनाची? हिची का धानाची?"

"गुरुजी."

"धानाची मागतो. उशीर झाला."

बैठक तिथंच मोडली. पुढचे दिवस माझे कसे गेले ते मलाच ठाऊक. पाळी लांबली. नहरीत कुठं तरी काम निघालं म्हणे. वरच्या भागात आधी चिखल घट्ट झाला, मग केसासारख्या भेगा, मग बोट जाईल एवढ्या. मी रोज जाऊन त्या भेगा बघायची आणि त्याच्या नावानं शिव्या घालायची, मोठ्यानं, त्याच्या बांधीकडे तोंड करून. तो ऐकायचा आणि आपलं काम करायचा. धनराजनं एका संध्याकाळी कोपऱ्यातली पिशवी काढून झटकली. मी विचारलं, "कायले?" तो म्हणाला, "काही नाही, झुरळं होती." त्या पिशवीतूनच तो तेलंगणात कपडे न्यायचा. मुकादमाचा फोन त्या रात्री त्यानं उचलला आणि बाहेर जाऊन बोलला.

मग पाणी आलं. बांधी भरली, आणि आठवड्याभरात जे झालं ते आंधळ्यालाही दिसलं असतं. वरचा भाग हिरवा, अंगानं भरलेला, फुटवे धरून उठलेला. खालचा कोपरा, जिथं मी छातीचा कोट करून पाणी वाचवलं होतं, तो तसाच पिवळा, बुटका, रडका. मधे रेघ मारल्यासारखा फरक. धनराजनं वरचं एक रोप उपटून मला दाखवलं. काळ्या मुळांच्या गुंत्यातून पांढरी नवी मुळं निघाली होती, दोऱ्यासारखी, पुष्कळ.  वर एक शब्द बोलला असता तर त्याच्याशीही भांडले असते.

गुरुजी धुऱ्यावरून चालला होता. थांबला. फावड्याच्या दांड्यानं बांधीचा वरचा भाग दाखवला.

"ही माझी."

मग खालचा कोपरा दाखवला.

"ही तुझी."

आणि गेला.

लोक मला अजून विचारतात, एवढं चांगलं झालं तरी तुझा राग कायले जात नाही. मी सांगते. पाणी माझं होतं. पाळी आणखी लांबली असती तर वरचंही वाळून गेलं असतं, आणि धनराज गेला असता, आणि हा माणूस तेव्हाही म्हणाला असता की असंही मरतच होतं. त्याला मुळांचा श्वास कळत होता. शेजारच्या बाईच्या छातीत काय चाललंय ते त्यानं कधी विचारलं नाही. मी त्याचे आभार मानले नाहीत, आणि आजही मानत नाही. वरच्या भागाच्या जोरावर धनराज त्या साली घरी राहिला, मुकादमाला नाही म्हणाला, आणि बांधी आमच्याकडेच टिकली, हे सगळं मला मान्य आहे. मान्य करणं वेगळं, माफ करणं वेगळं.

पुढच्या सालापासून मी एक केलं. रोवणीनंतर धानानं अंग धरलं की पुढची पाळी कधी आहे ते आधी पक्कं विचारून घ्यायचं, आणि मग तो यायच्या आत, मी स्वतः माझ्या बांधीचं तोंड फोडायचं. अख्खं, खालच्या कोपऱ्यापर्यंत. त्यानं यावं, बघावं, आणि त्याला काही करायला उरू नये, एवढ्यासाठी. दर साली तो फावडा घेऊन यायचा, कोरड्या बांधीकडे बघायचा, एखादं रोप उपटून वास घ्यायचा, ते तिथंच टाकायचा आणि थुंकून निघून जायचा. शाबास म्हणणं त्याच्या घराण्यात नव्हतं. शेजारच्या बांध्यांतही मग हळूहळू लोक पाणी सोडायला लागले. मला विचारूनच सोडायचे, त्याला विचारायची कुणाची छाती नव्हती.

गेल्या उन्हाळी हंगामात मला एक दिवस उशीर झाला. लेकीला पाहायला कोहमाऱ्याकडचे लोक आले होते, त्यांचं करण्यात दिवस गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी गेले तर तो माझ्या धुऱ्यावर बसलेला. उभा नाही, बसलेला. फावडा मांडीवर आडवा. शिटी लांबूनच ऐकू आली, पण आता ती शिटीही राहिली नव्हती, कोरड्या भात्यासारखं काहीतरी वाजत होतं. खिशात पंप होता, खर्रा नव्हता. 

मला बघून तो उठला. फावडा उचलला, तोंडाच्या मातीवर एक घाव घातला. माती हलली नाही. दुसरा घाव घालायला हात वर नेला आणि तिथंच थांबला. खांदे वर-खाली, वर-खाली. सगळं अंग श्वासासाठी चाललं होतं आणि श्वास काही येत नव्हता.

मी फावडा त्याच्या हातातून काढून घेतला. त्यानं धरून ठेवला होता, जरा ओढावा लागला. म्हटलं, "सोडा गुरुजी. माझी बांधी आहे." आणि मी तोंड फोडलं. पाणी निघालं. तो खाली बसून ते नालीत पडताना बघत राहिला. पंप ओढला, पुन्हा ओढला.

"रात्रपाळी," तो म्हणाला. मग बराच वेळ नुसता श्वास. "एक दिवस उशीर."

"पाहुणे होते घरी," मी म्हटलं. "अन् तुम्ही आता घरी जाऊन झोपा. स्वतःले हवा पुरून नाही राहिली, चालले माह्या धानाची काळजी कराले."

तो उठला, पण घराकडे नाही वळला. धुऱ्यावरून थांबत थांबत खालच्या कोपऱ्याकडे गेला. जिथं एका साली मी पाणी अडवलं होतं, तिथं. वाकायला त्याला फार वेळ लागला. एक रोप उपटलं, नाकाशी धरलं, डोळे मिटले. मग हात वर करून ते रोप मला दाखवलं, मुळं माझ्याकडे. इतक्या लांबूनही ती पांढरी दिसत होती.  बोलायला दम असता तर नक्की काहीतरी लागेलसंच बोलला असता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. रोप त्यानं परत चिखलात खोचलं, अंगठ्यानं दाबलं, आणि त्याच्या बांधीच्या बाजूनं निघून गेला.

आठवडा झाला नसेल, सकाळीच धनराज सांगत आला, गुरुजी गेले. त्याचा मुलगा नागपूरहून निघाला होता. सगळं गाव तिकडं लोटलं, सरपंचसुद्धा. आया-बायका त्याच्या अंगणात जमल्या. मला बोलवायला दोघी-तिघी आल्या, म्हणाल्या, चल वो, शेजार आहे, शिकवलंय त्यानं तुले, लोक काय म्हणतील.

मी गेले नाही. बांधी कोरडी होती, भेगा पडल्या होत्या, आणि त्या दिवशी नहरीवर माझी पाळी होती. धनराज खांदा द्यायला गेला. मी फावडा घेतला आणि पाणी आत घेतलं.